गाणं एकाचं, उतारा दुसऱ्याच्या नावावर

एखादा रॉक बँड बुडाला की लोक ठरावीक कारणं सांगतात. दारू, अमली पदार्थ, डोक्यात गेलेली प्रसिद्धी, नाहीतर विमानाचा अपघात. क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या अमेरिकन बँडच्या बाबतीत यातलं काहीच धड लागू पडत नाही. ही मंडळी तालमीला रोज वेळेवर यायची, कार्यक्रमाच्या वेळी दारूला आणि नशेला शिवायची नाहीत, आणि अंगात चेक्सचे साधे शर्ट घालून सरळ कामाला लागायची. तरीही १९६८ साली पहिला अल्बम काढलेला हा बँड १९७२ साली संपला. जेमतेम सव्वाचार वर्षांचा संसार! त्यात सात अल्बम आणि जगभर अजून वाजणारी निदान डझनभर गाणी. मागे राहिलेलं भांडण मात्र पुढे जवळजवळ पन्नास वर्षं चाललं.

मी सरकारी कचेरीतला कारकून. दिवसभर कागद बघणं हाच धंदा. त्यामुळे असेल कदाचित, पण या बँडची हकीकत वाचताना माझं लक्ष गिटारपेक्षा कागदांकडे जास्त जातं. कोणी कशावर सही केली, कोणत्या कलमाखाली काय लिहिलं होतं, कोणता कागद झालाच नाही. माझ्या मते या हकीकतीचं मर्म तिथेच आहे. पण सुरुवातीपासून सांगतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या पूर्व काठावर एल सेरिटो नावाचं एक छोटं शहर आहे. तिथल्या शाळेत जॉन फोगर्टी, स्टू कुक आणि डग क्लिफर्ड ही तीन मुलं एकत्र आली. तिघांचा जन्म १९४५ सालच्या एप्रिल-मे महिन्यांतला. १९५९ साली, म्हणजे चौदाव्या वर्षी, त्यांनी 'ब्लू व्हेल्वेट्स' नावाचा बँड काढला. जॉन गिटार वाजवी, स्टू पियानो आणि डग ड्रम. जॉनचा थोरला भाऊ टॉम त्याच्याहून साडेतीन वर्षांनी मोठा. टॉम चांगला गायचा. साथीला कोणी हवं म्हणून तो धाकट्या भावाच्या या पोरांना बरोबर घेऊ लागला. म्हणजे सुरुवातीला टॉम पुढे आणि बाकी तिघं मागे, असा मामला होता. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१९६४ साली ही चौघं सॅन फ्रान्सिस्कोच्या 'फँटसी रेकॉर्ड्स' या कंपनीच्या दारात गेली. फँटसी ही जॅझ संगीताची लहानशी कंपनी. तिथल्या व्हिन्स ग्वाराल्डी या पियानोवादकाची एक रेकॉर्ड कशी गाजली, यावरचा कार्यक्रम या मुलांनी टीव्हीवर पाहिला होता, तेवढ्या ओळखीवर ती गेली. कंपनीने त्यांना घेतलं, पण बँडचं नाव परस्पर बदलून 'गॉलिवॉग्ज' करून टाकलं. गॉलिवॉग म्हणजे काळ्या तोंडाची एक चिंध्यांची बाहुली. नाव कोणालाच आवडलं नाही, पण रेकॉर्ड निघते आहे ना, मग चालू द्या, असा विचार करून पोरं गप्प बसली. या नावाने काढलेल्या रेकॉर्ड फारशा कुठे चालल्या नाहीत.

याच काळात दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे गाण्याची सूत्रं टॉमकडून जॉनकडे आली. जॉनला एक खरबरीत, घसा फाडून येणारा आवाज सापडला होता आणि तो गाणीही लिहू लागला होता. टॉमने आपण होऊन बाजूला होऊन साथीची गिटार घेतली. थोरल्या भावाने धाकट्यासाठी पाट सोडावा, हे आपल्याकडेसुद्धा सोपं नाही, तिथेही नव्हतं. दुसरी गोष्ट व्हिएतनाम युद्धाची. १९६६ साली सक्तीच्या लष्करभरतीची पाळी आली, तेव्हा जॉन लष्कराच्या राखीव दलात आणि डग तटरक्षक दलाच्या राखीव तुकडीत गेला. टॉम वीज आणि गॅस पुरवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होता. जॉन फँटसीच्याच गोदामात माल रवाना करायचा कारकून होता. ज्या कंपनीसाठी गाणी करायची तिच्याच रेकॉर्डची खोकी बांधायची, असा तो दिनक्रम.

१९६७ साली फँटसीचे मालक बदलले. कंपनीतच विक्रीचं काम पाहणारे सॉल झेंट्स यांनी काही भागीदार गोळा करून ती विकत घेतली. झेंट्सना या पोरांमध्ये दम दिसला. नवं नाव शोधा, नवा करार करू, असं ते म्हणाले. नाव जुळलं ते तीन तुकड्यांचं. 'क्रीडन्स' हे टॉमच्या एका मित्राच्या ओळखीतल्या माणसाच्या नावावरून, 'क्लिअरवॉटर' हे बिअरच्या एका जाहिरातीतल्या स्वच्छ पाण्यावरून, आणि 'रिव्हायव्हल' म्हणजे पुनरुज्जीवन, ते स्वतःच्याच बँडचं. आणि मग करारावर सह्या झाल्या.

आता हा कागद जरा नीट बघायला हवा. गाणं रेकॉर्ड झालं की त्याची मालमत्ता दोन प्रकारची होते. एक प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. दुसरी म्हणजे त्या गाण्याचे शब्द आणि चाल, ज्यांचा स्वामित्वहक्क प्रकाशकाकडे असतो. या करारात दोन्ही कंपनीकडे गेली. शिवाय दर वर्षी ठरावीक संख्येने गाणी देण्याचं बंधन होतं, आणि दिली नाहीत तर ती बाकी पुढच्या वर्षात ओढली जायची. आम्हा गोवेकरांना हे चटकन कळेल. आमच्याकडे जमिनीचा एक-चौदाचा उतारा असतो (पलीकडे महाराष्ट्रात सातबारा), त्यात कब्जेदाराचं नाव एका रकान्यात आणि कुळाचं दुसऱ्या. या उताऱ्यावर कब्जेदार फँटसी होती. जॉन फोगर्टी हा त्याच्या स्वतःच्या गाण्यांचा कूळ! आणि कुळाला निदान कसण्याचा हक्क तरी असतो, याला खंड तेवढा वाढत्या हिशेबाने लागू झाला.

तेव्हा हे कोणाच्या ध्यानात येणार? चौघांच्या खिशात पैसा नव्हता, आठ-नऊ वर्षं धडपडून काही हाती लागलं नव्हतं. झेंट्सची कंपनीही तेव्हा लहानच होती, गाणी गाजतील याची खात्री त्यांनाही कुठे होती?

पण गाणी गाजली, आणि कशी गाजली! १९६८ च्या पहिल्या अल्बममध्ये 'सुझी क्यू' हे डेल हॉकिन्सचं १९५७ सालचं गाणं त्यांनी आठ मिनिटांहून लांब करून वाजवलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या नव्या रेडिओ केंद्रांनी ते उचललं आणि अमेरिकेच्या यादीत ते ११ व्या क्रमांकावर गेलं. जानेवारी १९६९ मध्ये 'प्राउड मेरी' आलं. राखीव सेवेतून सुटका झाल्याचा कागद हाती आला त्या आनंदात हे गाणं सुचलं, असं जॉन सांगत आला आहे. गाणं नदीवरच्या बोटीचं. आपल्या मांडवीवरच्या फेरीबोटीसारखी नव्हे, मिसिसिपीवरची मोठं चाक फिरवत जाणारी बोट. ऐकणाऱ्याला वाटावं की हा माणूस लुइझियानाच्या दलदलीत जन्मला असणार. प्रत्यक्षात त्या प्रदेशात जॉन कधी राहिलाही नव्हता! 'ग्रीन रिव्हर' गाण्यातली नदी म्हणजे लहानपणी सुट्टीत पाहिलेला कॅलिफोर्नियातला एक ओढा, आणि ते नाव आलं सोड्यात घालायच्या एका सरबताच्या बाटलीवरून. पण कल्पनेतला तो दक्षिण प्रदेश इतका सच्चा वाटला की दक्षिणेतल्या लोकांनीही तो आपला मानला.

१९६९ या एका वर्षात त्यांनी तीन अल्बम काढले, 'बायू कंट्री', 'ग्रीन रिव्हर' आणि 'विली अँड द पुअर बॉईज'. पुढच्या वर्षी आणखी दोन. सॅन फ्रान्सिस्कोच्या बाकीच्या बँडची एकेक धून वीस-वीस मिनिटं चालायची आणि सगळीकडे धुराचे लोट असायचे. त्या गर्दीत ही चौघं जवळजवळ परकीच होती. दोन-अडीच मिनिटांचं घट्ट बांधलेलं गाणं, एक टिपसुद्धा फुकट नाही. डगच्या घरामागच्या खोपटात सुरू झालेल्या त्यांच्या तालमीच्या जागेला डगच्या टोपणनावावरून 'कॉस्मोज फॅक्टरी' म्हणायचे. कारखान्यासारखंच तिथे रोज काम चाले. १९७० च्या अल्बमला त्यांनी तेच नाव दिलं आणि तो अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. गंमत म्हणजे त्यांची एकेकटी गाणी मात्र बिलबोर्डच्या मुख्य यादीत पाच वेळा दुसऱ्या क्रमांकावर पोचली, पण पहिल्या क्रमांकावर एकदाही नाही.

त्यांच्या गाण्यांत त्या काळाचा राग होता, पण घोषणाबाजी नव्हती. डिसेंबर १९६८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा नातू आणि निवडून आलेले राष्ट्राध्यक्ष निक्सन यांची मुलगी यांचं लग्न झालं. बड्यांची मुलं लढाईवर जात नाहीत, जातात ती कामगारांची आणि शेतकऱ्यांची, हे जॉनच्या मनात सलत होतं. त्यातून १९६९ साली 'फॉर्च्युनेट सन' आलं. राखीव दलात का होईना, पण स्वतः गणवेश घातलेल्या माणसाने ते लिहिलं होतं. म्हणून तर व्हिएतनामला गेलेल्या सैनिकांनीही ते आपलं मानलं.

ऑगस्ट १९६९ चा वुडस्टॉकचा महोत्सव ऐकला नाही असा माणूस विरळा. त्या महोत्सवाला होकार देणारा पहिला मोठा बँड हाच, दहा हजार डॉलरवर. यांचं नाव लागल्यावर बाकीचे यायला तयार झाले. प्रत्यक्षात त्यांची पाळी मध्यरात्र उलटल्यावर, ग्रेटफुल डेडचं लांबलेलं वादन संपल्यावर आली. समोर चिखलात लोक झोपलेले. जॉनला आपलं वादन पसंत पडलं नाही आणि महोत्सवावरच्या चित्रपटात ते घ्यायला त्याने नकार दिला. तो चित्रपट जगभर चालला, त्यात दिसलेले कलाकार दंतकथा होऊन बसले, आणि क्रीडन्स वुडस्टॉकला होते हेच कित्येकांच्या गावी राहिलं नाही. ते ध्वनिमुद्रण स्वतंत्रपणे बाजारात यायला २०१९ साल उजाडलं. बाकीच्या तिघांचं म्हणणं होतं, आमचं वादन चांगलं झालं होतं. पण निर्णय जॉनचा.

आता आपण दुसऱ्या कागदापाशी येतो, जो कधी झालाच नाही.

गाणी लिहिणार जॉन, चाली त्याच्या, मुख्य गिटार आणि गायन त्याचं, ध्वनिमुद्रणाची जुळणी त्याची. एवढंच नव्हे, तर बँडचा व्यवस्थापकही तोच झाला. धंद्याचा अनुभव नसलेला पंचविशीचा तरुण एकटा बसून रेकॉर्ड कंपनीशी बोलणी करणार! 'प्राउड मेरी'च्या वेळी पाठीमागचे सूर कोणी गायचे यावरून खटका उडाला. तिघांना गायचं होतं, जॉनला ते सूर पसंत पडले नाहीत, तेव्हा त्याने सगळे आवाज स्वतःच भरले. १९७० मध्ये त्याने ठरवलं की कार्यक्रम संपल्यावर लोकांनी कितीही 'पुन्हा, पुन्हा' केलं तरी परत मंचावर जायचं नाही. लोक पाय आपटताहेत, टाळ्या पिटताहेत, आणि पडद्याआड चौघांत भांडण चाललेलं. आपल्याकडच्या संगीत नाटकातल्या नटाला 'वन्समोअर' घेऊ नको म्हणून बजावलं तर तो काय म्हणेल, याची कल्पना करा.

कानाने विचाराल तर जॉनचे निर्णय बहुतेक बरोबर होते. ती गाणी ऐकली की कळतं. पण चौदाव्या वर्षापासून बरोबर वाढलेल्या माणसांत, त्यातही सख्ख्या भावात, 'मी बरोबर आहे' एवढ्याने भागत नाही. कोण काय ठरवणार, दुसऱ्याचं म्हणणं कुठवर ऐकायचं, याचा काहीतरी समजुतीचा कागद लागतो, लिहिलेला नसला तरी मनातला. तो यांच्यात कधी झाला नाही. जिंकत होते तोवर गरज भासली नाही.

सगळ्यात जास्त कोंडमारा टॉमचा झाला. एकेकाळचा मुख्य गायक आता अल्बममागून अल्बम साथीची गिटार वाजवत होता. एखादं गाणं तरी मला गाऊ दे, एवढीच त्याची मागणी. डिसेंबर १९७० मध्ये 'पेंड्युलम' अल्बम आला आणि १९७१ च्या सुरुवातीला टॉम बँड सोडून गेला. आपल्या भाषेत याला भाऊबंदकी म्हणतात. इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'कलात्मक मतभेद' म्हटलं, पण शब्द आपलाच बरा.

राहिलेल्या तिघांनी शेवटचा अल्बम केला तो 'मार्डी ग्रा', एप्रिल १९७२. यात स्टू आणि डग यांनीही स्वतःची गाणी लिहिली आणि गायली, सुमारे एकेक तृतीयांश वाटणी. जॉन म्हणतो, त्यांनीच समान वाटा मागितला. ते दोघे म्हणतात, आम्हाला थोडी जागा हवी होती, जॉनने मात्र अट घातली की तुमचा वाटा तुम्हीच पुरा करा, मी तुमच्या गाण्याला आवाज देणार नाही. खरं काहीही असो, एवढं उघड आहे की वर्षानुवर्षं नाकारलेली वाटणी एका दिवसात, रागाच्या भरात, पुरीच्या पुरी पदरात टाकली गेली. वाटणी अशी झाली की शेताचा बांध होतो, शेत राहत नाही. समीक्षकांनी अल्बमची सालटी काढली. ऑक्टोबर १९७२ मध्ये बँड विसर्जित झाल्याचं जाहीर झालं.

आणि इथून पहिल्या कागदाने डोकं वर काढलं.

बँड संपला तरी करार संपला नव्हता. कंपनीने बाकीच्यांना मोकळं केलं. गाणी लिहिणारा जॉन होता, त्यामुळे न दिलेल्या गाण्यांची बाकी त्याच्या एकट्याच्या माथी राहिली. १९७३ साली त्याने 'ब्लू रिज रेंजर्स' या नावाने सगळी वाद्यं स्वतःच वाजवून जुन्या लोकप्रिय गाण्यांचा एक अल्बम काढला. मग असायलम कंपनीच्या डेव्हिड गेफन यांनी पैसे मोजून अमेरिकेपुरते त्याचे हक्क सोडवून घेतले. त्यातच दुसरा घाव बसला. कर वाचवण्याच्या योजनेत बँडची बचत बहामा बेटांवरच्या कॅसल बँकेत ठेवली होती. १९७७ साली ती बँक बुडाली. चौघांच्या आयुष्याची कमाई गेली. त्यावर पुढे कितीतरी वर्षं खटले चालले.

शेवटी १९८० साली जॉनने उरलेल्या बंधनातून सुटण्यासाठी क्रीडन्सच्या गाण्यांवरची आपली रॉयल्टी कंपनीला सोडून दिली. म्हणजे स्वतःच्या गाण्यापासून सुटका विकत घेण्यासाठी त्याने स्वतःचं गाणंच मोजलं. १९७६ ला तयार केलेला एक अल्बम प्रसिद्ध झालाच नाही, आणि पुढची नऊ वर्षं हा माणूस जवळजवळ मुका झाला. रेडिओवर मात्र 'प्राउड मेरी' रोज वाजत होतं. १९७६ साली फँटसीने काढलेला 'क्रॉनिकल' हा निवडक गाण्यांचा संग्रह तर अमेरिकेत पुढे एक कोटीच्या वर खपला.

१९८५ साली 'सेंटरफील्ड' हा अल्बम घेऊन तो परत आला आणि अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला. त्यात 'झँझ कान्ट डान्झ' नावाचं एक गाणं होतं, पैसे चोरणाऱ्या डुकराचं. नाव कोणावर बेतलंय हे सांगायला नको. झेंट्सनी बदनामीचा दावा लावला, नाव बदलून 'व्हँझ' करावं लागलं आणि प्रकरण तडजोडीने मिटवावं लागलं. दुसरा दावा मात्र जगात एकच असावा. अल्बममधलं 'द ओल्ड मॅन डाउन द रोड' हे गाणं क्रीडन्सच्या १९७० च्या 'रन थ्रू द जंगल'ची नक्कल आहे, असं फँटसीचं म्हणणं. दोन्ही गाणी जॉन फोगर्टीचीच! पण जुन्याची मालक फँटसी. म्हणजे आरोप असा की फोगर्टीने फोगर्टीची चोरी केली. १९८८ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायालयात तो गिटार घेऊन साक्षीदाराच्या पिंजऱ्यात बसला आणि आपण गाणं कसं बांधतो हे ज्युरीला वाजवून दाखवलं. ज्युरीने त्याच्या बाजूने निकाल दिला.

वकिलांचा खर्च मात्र डोक्यावर राहिला. तो मिळावा म्हणून जॉन थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९४ साली न्यायालयाने एकमताने ठरवलं की स्वामित्वहक्काच्या खटल्यात जिंकलेल्या वादीला आणि जिंकलेल्या प्रतिवादीला खर्चाच्या बाबतीत एकच माप लावलं पाहिजे. पुढे त्याला तेरा लाख डॉलरहून जास्त खर्च मिळाला. 'फोगर्टी विरुद्ध फँटसी' हा निवाडा तिथे कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही अभ्यासावा लागतो. रॉक संगीतातून निघालेली ही बहुधा सगळ्यात रुक्ष कामगिरी, पण कारकून म्हणून मला तिचं मोल वाटतं.

झेंट्स यांना खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. पण हिशेब पुरा मांडायला हवा. क्रीडन्सच्या कमाईवर मोठ्या झालेल्या फँटसीने प्रेस्टीज आणि रिव्हरसाइडसारख्या जुन्या जॅझ कंपन्यांचा खजिना विकत घेऊन सांभाळला. पुढे झेंट्स चित्रपट निर्माते झाले. 'वन फ्लू ओव्हर द ककूज नेस्ट', 'अमाडेउस' आणि 'द इंग्लिश पेशंट' या त्यांच्या तिन्ही चित्रपटांना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं. २०१४ साली ते वारले. माणूस रसिक होता यात वाद नाही. कागदही त्यांच्या बाजूने पक्का होता. प्रश्न एवढाच, की धंदा शंभरपट वाढल्यावर जुना कागद फाडून नवा करण्याचं औदार्य दाखवायला त्यांना कोणता कायदा आड येत होता?

आणि जॉनचाही हिशेब मांडायला हवा. रागापोटी त्याने आपलीच गाणी म्हणायचं सोडलं. १९८६ च्या दौऱ्यात लोक जुनी गाणी मागत राहिले, त्याने एकही म्हटलं नाही. १९८७ च्या फेब्रुवारीत एका छोट्या कार्यक्रमात बॉब डिलन आणि जॉर्ज हॅरिसन बरोबर होते. डिलनने त्याला समजावलं की तू 'प्राउड मेरी' म्हटलं नाहीस तर जगाला वाटेल ते टिना टर्नरचंच गाणं आहे. (टिना आणि आइक टर्नर यांनी १९७१ साली ते गाऊन तुफान गाजवलं होतं.) त्या रात्री तो गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठी झालेल्या कार्यक्रमात त्याने जुनी गाणी उघडपणे, पुन्हा आपली म्हणून म्हटली.

भावाशी मात्र जुळलं नाही. टॉम फँटसीशीच जोडलेला राहिला, तिथेच त्याचे अल्बम निघाले, आणि जॉनला तो दगा वाटला. पाठीच्या शस्त्रक्रियेच्या वेळी दिलेल्या रक्तातून टॉमला एड्सची बाधा झाली आणि सप्टेंबर १९९० मध्ये, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, तो गेला. शेवटपर्यंत मनातली अढी पुरती सुटली नाही. १९९३ साली बँडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये मान मिळाला, तेव्हा जॉनने स्टू आणि डगबरोबर वाजवायला नकार दिला. ब्रूस स्प्रिंगस्टीन आणि रॉबी रॉबर्टसन यांना बरोबर घेऊन तो क्रीडन्सची गाणी वाजवत होता, आणि त्या गाण्यांच्या मूळ ध्वनिमुद्रणात ज्यांचे हात होते ते दोघे बाजूला राहिले. पुढे १९९५ साली त्या दोघांनी 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड' नावाचा बँड काढला. त्या नावावरूनही कोर्टकचेरी झालीच.

मधल्या काळात गाण्यांचं काय झालं? मालक ठरवेल तिथे ती गेली. या शतकाच्या सुरुवातीला 'फॉर्च्युनेट सन'च्या सुरुवातीच्या ओळी जीन्सच्या एका जाहिरातीत वापरल्या गेल्या. पुढचा सगळा उपरोध कापून टाकल्यामुळे ते गाणं झेंडा मिरवणारं देशभक्तिगीत वाटू लागलं. जॉनने जाहीर निषेध केला, पण अडवता आलं नाही. उताऱ्यावर नाव नसलं की काय होतं, याचा याहून बोलका दाखला मला माहीत नाही.

२००४ साली कॉन्कर्ड कंपनीने फँटसी विकत घेतली आणि नव्या मालकांनी जॉनची रॉयल्टी पुन्हा सुरू केली. जे औदार्य चोवीस वर्षांत सुचलं नव्हतं ते दुसऱ्याला सुचलं. आणि जानेवारी २०२३ मध्ये, वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी, जॉन फोगर्टीने क्रीडन्सच्या आपल्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतला मोठा वाटा विकत घेतला. १९६८ च्या कागदावरून निघून उतारा त्याच्या नावावर यायला पंचावन्न वर्षं लागली. मूळ मास्टर अजून कंपनीकडेच आहेत, म्हणून २०२५ साली त्याने ती गाणी नव्याने रेकॉर्ड करून 'लेगसी' या नावाने काढली. साथीला त्याची दोन मुलं आहेत.

ती नवी रेकॉर्ड मी लक्ष देऊन ऐकली. ऐंशीच्या घरातल्या माणसाचा तो आवाज ऐकून थक्क व्हायला होतं. वाद्यं अचूक आहेत, जुन्यापेक्षा स्वच्छ आहेत. फक्त जुन्या 'प्राउड मेरी'त टॉमची साथीची गिटार, स्टूचा बास आणि डगचा ड्रम एकमेकांना खेटून, जरा ओढल्यासारखे चालतात ना, ते इथे नाही. दहा वर्षं एकाच खोपटात रोज वाजवल्याशिवाय तसं येत नाही. त्याच्यावर कोणाचा स्वामित्वहक्क नाही, आणि म्हणून ते कोणाला विकतही घेता येत नाही.

आपल्याकडे पणजी-मडगावात आज कितीतरी मुलं गिटार घेऊन बँड काढतात. कंपनीचा कागद वकिलाला दाखवून सही करा, हे त्यांना कोणीही सांगेल. मी म्हणेन, त्याच्या आधी चौघांनी आपसात बसून एक कागद करा. कोण काय ठरवणार, कोणाचं नाव कुठे लागणार, आणि एखाद्या दिवशी मागच्याला पुढे येऊन गावंसं वाटलं तर काय करायचं. फँटसीचा कागद वाईट होता, पण त्याने बँड मोडला नव्हता. बँड मोडल्यावर त्याने फक्त वसुली केली.